गाडीतला नवा टेप

अहो, गाडी विकली नाही.

परवा जावई पुण्याहून आले, त्यांनी बिरवाडीचं एक गिऱ्हाईक आणलं होतं. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं, टायरना लाथा मारल्या, दारं उघडझाप केली आणि आत बसून विचारलं, "बाई, हा टेप कंपनीचा नाय ना?" मी म्हटलं, नाही, नंतर बसवलाय. "मग कंपनीचा कुठाय?" म्हटलं, माळ्यावर आहे. तर म्हणाला, "तो परत बसवून द्या. हा पडदाबिडदा तुमी ठेवा, माझ्या काय कामाचा नाय." जावई माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मला त्या माणसाचा राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. हल्ली मला पटकन काही वाटतच नाही. गाडी द्यायची नाही एवढं सांगितलं आणि आत जाऊन कुकर लावला.

तुमचं तेरावं होऊन गेलं. भेटायला येणारे येऊन गेले. ते माझ्याकडे बघत बसायचे आणि मी त्यांना साखर किती घालू विचारायची. आपली मधुरा पुण्याला परत जाताना म्हणाली, "आई, एकदा रडून घे गं." जणू रडणं म्हणजे गिरणीवरून आणायचं दळण आहे. मी हो म्हटलं.

त्या गिऱ्हाइकामुळे टेपचा विषय निघाला, तर तो तुमच्याशीच बोलून टाकते. आपलं ते भांडण अर्धवट राहिलं आहे.

किती वर्षं आपण महाडहून पोलादपूरला एकत्र गेलो. तुमचा दवाखाना बाजारात, माझी शाळा जरा पुढे. आधी स्कूटरवर, मग गाडी आल्यावर गाडीतून. घरात आपण कामापुरतं बोलायचो. गाडीत तेवढंही नाही, कारण गाडीत टेप होता. दोन गोल बटणं आणि मधे कॅसेटची फट, कंपनीनं दिलेला साधा टेप. सकाळी तुमची नाट्यपदं, परतताना माझी भावगीतं, हे न ठरवता ठरलेलं. मी गणिताच्या वह्या मांडीवर घेऊन तपासायची आणि तुम्ही रस्त्यावरची नजर न हलवता हात पुढे करून बटण फिरवायचात.

मग तुम्ही त्या टेपला नावं ठेवायला लागलात. "आवाज बसलाय याचा." दवाखान्यातलं स्पिरिट आणि कापूस आणून तुम्ही त्याचं हेड पुसलंत. कॅसेटी बदलल्यात. दारातले स्पीकर बदललेत. तरी तेच. "शब्द कळत नाहीत गं, नुसता गोंगाट." मला तर सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मी म्हटलं तसं, तर तुम्ही म्हणालात, "तुला गाण्यातलं काय कळतं." ते मी मनावर घेतलं नाही, कारण तुम्ही लग्न झाल्यापासून तेच म्हणत होता.

पुण्याला तुमच्या भाच्याच्या लग्नात कोणाच्या तरी गाडीत तुम्ही तो पडदा पाहिलात. वऱ्हाड जेवायला बसलं आणि तुम्ही मांडवाबाहेर त्या परक्या गाडीत. मी बोलवायला आले तर पडद्यावर एक गवई गात होता आणि तुम्ही खेळण्याच्या दुकानात उभ्या असलेल्या मुलासारखे त्याच्याकडे बघत होता. घरी येईपर्यंत ठरलं होतं. बोट लावलं की चालतो, सीडी घेतो, गाणारा दिसतो.

मी म्हटलं, "गाडीत टीव्ही कशाला? गाडी चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा असतो."

"टीव्ही नाही, टेपच आहे तो. गाणं ऐकायला."

"गाणं ऐकायला पडदा लागतो?"

 तुम्ही तो मुंबईहून मागवलातच.

नातेखिंडीजवळ संदेशचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, तिथे रविवारी आपण गाडी घेऊन गेलो. त्यानं खोक्यातून नवा टेप काढला, डॅशबोर्डला लावून पाहिला आणि म्हणाला, "डॉक्टर, कंपनीचा हाय तो एका खणाचा. हा दुप्पट उंच. खालचा कप्पा जाणार आनि पट्टी थोडी कापायला लागंल." त्या कप्प्यात माझी खडूची डबी आणि तुमच्या औषधांची सॅम्पलं असायची. ती मी पदरात घेतली. त्यानं पट्टी उचकटली, चार स्क्रू काढले आणि जुना टेप बाहेर ओढला. मागच्या खळग्यातून रंगीबेरंगी वायरी लोंबायला लागल्या. तुम्ही वाकून बघत होता. मला उगाच पोट उघडलेल्या पेशंटची आठवण झाली आणि मी बाहेर येऊन उभी राहिले.

एक वायर हातात धरून त्यानं विचारलं, "ही हँडब्रेकला जाते. हँडब्रेक वढलेला आसंल तरच चित्र दिसतं, चालू गाडीत नाय दिसत. सगळी लोकं ही आतल्या आत जोडून घेतात, म्हंजे कदी पन दिसतं. जोडू?"

तुम्ही म्हणालात, "जोड." मी म्हणाले, "जोडायची नाही."

"अगं, गाडी थांबवून कोण बघत बसणार?"

"मग बघू नका."

संदेशनं आपल्या दोघांकडे पाहिलं, वायर खाली सोडली आणि म्हणाला, "तुमचा ठरूद्या, मी चा सांगून येतो." तो आल्यावर म्हणालात, बाई म्हणतात तसं कर.

सगळं जोडून त्यानं सीडी घातली. पडदा उजळला. गाणं सुरू झालं. तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर, दार उघडं, पाय बाहेर. म्हणालात, "वाढव." त्यानं वाढवलं. "वाढव अजून." चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. काचा थरथरत होत्या. संदेशनं एक कान दाबून धरला होता. आणि तुमच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली, आणि तुम्ही म्हणालात, "हां. आता कुठे जरा."

मी तुमच्या पाठीमागच्या दाराशी होते. त्यानं आवाज उतरवल्यावर मी तुम्हाला हाक मारली. रोजच्या आवाजात. दुसऱ्यांदा मारली. संदेशनं माझ्याकडे पाहिलं. तुम्ही पडद्याकडेच बघत होता.

घरी न जाता तुम्ही गाडी दासगावच्या रस्त्याला घेतलीत, नवा टेप चालवून बघायला. सावित्रीच्या काठाशी थांबवलीत आणि हँडब्रेक ओढलात, तसा तो गवई पडद्यावर आला. ओहोटी होती, नदीचं पात्र चिखलाचं झालं होतं. मी बोट पुढे करून आवाज कमी करत गेले. पार बंद केला. तुम्ही गवयाच्या हाताकडे बघत स्टिअरिंगवर ठेका धरला होता, तो तसाच चालू राहिला.

मग मी तुमचा खांदा धरून तुम्हाला माझ्याकडे वळवलं आणि विचारलं, "कधीपासून?"

तुम्ही आधी पडद्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. "वर्ष झालं असेल. जास्तच."

"दवाखान्यात काय करता?"

"बारीक आवाज आधी जातात," तुम्ही म्हणालात, कुणा दुसऱ्या पेशंटबद्दल बोलल्यासारखे. "हृदयाचे ठोके कळतात अजून. छातीतला बारीक आवाज नाही कळत. शंका आली की महाडला छातीचा फोटो काढायला पाठवतो."

"आणि शंका आली नाही तर?"

 पोलादपूरचे लोक हल्ली म्हणायचे, डॉक्टर ऊठसूट फोटो काढायला लावतात. मला वाटायचं वयानं जास्त काळजी घेता.

"म्हणून हा पडदा?" मी विचारलं.

"गाणारा माणूस तोंड उघडताना दिसला ना, की उरलेलं आठवतं," तुम्ही म्हणालात. "सगळी पदं पाठच आहेत मला. नुसतं कुठे आलाय ते कळलं की पुरतं." मग माझ्याकडे बघून, "तुझंही तसंच. तू समोर असलीस की बरंच कळतं."

गाडी चालवताना तुम्ही बोलता बोलता मान वळवून माझ्याकडे बघायचात आणि मी तुम्हाला म्हणायची, पुढे बघा. वर्षभर म्हणत होते.

पुढचे काही महिने आपण त्याच एका गोष्टीवर भांडलो. मी म्हणायची पेशंटना सांगा. तुम्ही म्हणायचात, सांगितलं की दवाखान्याला कुलूप. मी म्हणायची, मग लागू दे. तुम्ही म्हणायचात, तुझ्या शाळेत फळ्यावरचं चुकलं तर पुसता येतं, हे एकदा सांगितलं की पुसता येणार नाही.  मधुराला कळवायचं नाही अशी तुमची अट होती, आणि ती मी पाळत होते. मशीन आणलंत कानाला, ते गाडीत शिट्ट्या मारायचं. तुम्ही काढून ॲशट्रेत ठेवायचात.

आणि मशीन लावून जुना टेप ऐकून बघा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "कानांचं वेगळं. तो टेपही खराबच होता." हेच ते अर्धवट भांडण. मी म्हणते टेप चांगला होता. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलं नाहीत.

मग कशेडी घाटातलं ते झालं. खेडला तुमच्या चुलतभावाकडे बारशाला निघालो होतो. पावसानं एका बाजूची दरड थोडी खाली आलेली, रस्ता अरुंद. घाटाच्या उतारावर मागून ट्रकचा हॉर्न सुरू झाला. एकदा, दोनदा नाही, न सोडता. त्याचा ब्रेक लागत नव्हता, हे आपल्याला नंतर कळलं. तुम्ही आपल्या संथ चालीनं मधोमध चालला होता. मी म्हटलं, बाजूला घ्या. पुन्हा म्हटलं. पावसानं गाडीत अंधारलं होतं, माझं तोंड तुम्हाला दिसत नसणार. शेवटी मी स्टिअरिंग धरून डावीकडे ओढलं. तुम्ही ब्रेक दाबलात. ट्रक आपला आरसा तोडून पुढे गेला आणि वळणाच्या अलीकडे डोंगराच्या बाजूच्या मातीत घुसून थांबला.

त्याचा ड्रायव्हर खाली उतरला आणि ओल्या रस्त्यावरच बसला. मग उठून आपल्याकडे आला. मला वाटलं शिव्या देईल.  म्हणाला, "काका, एवढा हॉर्न मारला. ऐकू नाय येत का तुमाला?"

तुम्ही काच खाली केलीत, त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलंत आणि म्हणालात, "नाही. येत नाही."

एवढंच. वर्ष-दीड वर्ष जे तुम्ही माझ्यापलीकडे कुणाला सांगितलं नव्हतं, ते एका अनोळखी माणसाला पावसात सांगून टाकलंत. घाट उतरल्यावर गाडी बाजूला घेतलीत, वळसा घालून माझ्या बाजूला आलात, दार उघडलंत. "आता तू शिक," म्हणालात. तिथून खेडपर्यंत मात्र गाडी तुम्हीच चालवलीत, आरशाशिवाय, रस्त्याच्या कडेकडेनं, आणि बारशाला उशीर झाला.

पुढच्याच आठवड्यात, शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात तुमची वाट बघत बसले होते. शिवथरकडची सरूबाई आली होती, तुमची जुनी पेशंट. खोकला होता. तुम्ही तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावलात, थोडा वेळ थांबलात आणि काढून टेबलावर ठेवलात.

"सरूबाई, मला हल्ली कमी ऐकू येतं. तुमच्या छातीतलं मला नीट कळत नाही."

ती तुमच्याकडे बघत राहिली. "कदीपासना?"

"झालं वर्षाच्या वर."

"नि आता सांगताव." तिनं पदर सावरला. मला वाटलं आता उठून जाईल. ती म्हणाली, "मग जरा जोरात खोकू का?"

तुम्ही हसलात. मीही. सरूबाईला कळेना काय झालं. ती खरंच मोठ्यानं खोकली, आणि मग तीही हसायला लागली, आणि हसता हसता तिला खरी ढास लागली. तुम्ही तिला महाडच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिलीत. ती म्हणाली, "जाते तितं. पन औषद तुमच्या हातचाच घेईन. तुमी नुसता बसून ऱ्हावा इतं."

तुम्ही तेच केलंत. बरेच लोक दुसरीकडे गेले, ते जायलाच हवे होते. जे राहिले ते तुमच्यासमोर खुर्ची ओढून, तुमच्या तोंडाशी तोंड आणून बोलायचे. ताप, जखमा, पोटदुखी एवढंच तुम्ही बघायचात. मधुराला तुम्ही स्वतः फोन करून सांगितलंत आणि ती तिकडून काय बोलली ते ऐकू न आल्यानं मला फोन दिलात.

मी गाडी शिकले. या वयात, शाळेच्या मैदानावर, रविवारी. तुम्ही शेजारी बसून चप्पल काढून पाय गाडीच्या तळाशी टेकवायचात आणि म्हणायचात, "आता गियर बदल. इंजिन गुरगुरतंय." तुम्हाला ते तळपायाला कळायचं आणि मला कानांनी कळत नव्हतं. मी चिडायची. तुम्ही कधी चिडला नाहीत, त्याचे आभार मी मानले नाहीत. आता मानते.

पोलादपूरपर्यंत पहिल्यांदा मी चालवत नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्हाला न सांगता मी संदेशकडे गेले. म्हटलं, ती हँडब्रेकची वायर जोड. तो म्हणाला, "बाई, तुमीच नको म्हनालेला." मी म्हटलं, आता गाडी मी चालवते. त्यानं पडदाही थोडा डावीकडे कलता करून दिला, म्हणजे मला दिसू नये. त्या संध्याकाळी परतताना तुम्ही सवयीनं सीडी घातलीत आणि चालत्या गाडीत गवई पडद्यावर आला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पुढे बघत होते.  महाड येईपर्यंत गुडघ्यावर ठेका धरलात.

तशी आपली दोन-तीन वर्षं गेली. ती चांगली होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. आता माहीत झालं असं नाही.

त्या दिवशी तुम्ही दमल्यासारखे दिसत होता. दवाखाना लवकर बंद केलात. गाडीत बसलात, सीडी घातलीत. ऊन होतं, रस्ता मोकळा होता. मी बोलत होते. नळाला पाणी कमी येतंय, टाकीवाल्याला सांगायला हवं. शाळेतल्या नव्या हेडबाईंची गंमत सांगितली. मधुराला दिवाळीत यायला जमेल का, विचारलं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, त्याचं मला काही वाटलं नाही. तुम्ही पडद्याकडे बघत असलात की उत्तर द्यायचा नाहीतच. मी बोलत राहिले. घराशी येऊन गाडी थांबवली, उतरले, वह्यांची पिशवी घेतली, तुमच्या बाजूला येऊन दार उघडलं. गाणं चालूच होतं.

लोक विचारतात, कुठे झालं? कोणत्या ठिकाणी? तपासायला आलेल्या डॉक्टरांनीही विचारलं. मला सांगता येत नाही. मी त्या सगळ्या रस्त्यावर तुमच्याशी बोलत होते. नळाचं सांगितलं तेव्हा तुम्ही होता की हेडबाईंचं सांगितलं तेव्हा, हे मला कधीच कळणार नाही. डॉक्टर म्हणाले, थांबूनही काही उपयोग झाला नसता, क्षणात झालं असणार. बरं, म्हटलं. त्यांनी ते चांगल्या मनानं सांगितलं आणि मी ते खरं मानलं आहे.

सरूबाई आली होती भेटायला. एसटीनं, दोन गाड्या बदलून. दारातून आत आली, माझ्यासमोर बसली, बराच वेळ नुसती बसून राहिली. जाताना म्हणाली, "डाक्टर नुसतं बसायचं तरी बरा वाटायचा, गो." मी तिला गाडीनं सोडू का विचारलं. ती म्हणाली, नको, तू र्‍हा घरी. पण मला सोडायचं होतं. मी तिला शिवथरच्या फाट्यापर्यंत नेऊन सोडलं. टेप लावला नाही, तिनंही मागितला नाही. गाडी नीट चालली. म्हणून गिऱ्हाइकाला नको म्हटलं, दुसरं काही कारण नव्हतं.

काल मधुराचा फोन आला. मी तिला सगळं सांगत होते, गाडी दिली नाही, पाणी आता बरं येतं, जेवते, झोपते. ती मधेच म्हणाली, "आई, अगं ओरडतेस का? मला ऐकू येतंय."

मी थांबले. ओरडत नव्हते मी. मला वाटलं, मी साधंच बोलतेय. शेजारच्या काकूंनीही परवा विचारलं होतं, घरात कोणी आलंय का म्हणून. भाजीवाला दोन पावलं मागे सरून उभा राहतो, तेही आत्ता लक्षात आलं.

"बरं," मी म्हटलं. "हळू बोलते." आणि हळू बोलायला गेले, तर मला ते जमेना. तुमच्याशी बोलून बोलून हाच आवाज अंगवळणी पडला होता; त्याआधी कसं बोलायची मी, ते आठवेना. तिकडून मधुरा हॅलो, हॅलो म्हणत होती.